जमाखर्चाच्या वहीतले साम्राज्य

साम्राज्याला विरोध होतो तो बहुधा नीतीच्या भाषेत. जपानी पत्रकार तान्झान इशिबाशी (१८८४-१९७३) यांनी तो जमाखर्चाच्या भाषेत केला, म्हणून त्यांची कारकीर्द आम्हांला अभ्यसनीय वाटते.

१९११ साली ते 'तोयो केझाई शिम्पो' या अर्थविषयक नियतकालिकात दाखल झाले. १९२१ मध्ये, नौदल-कपातीसाठी भरणाऱ्या वॉशिंग्टन परिषदेच्या तोंडावर, जपानने कोरिया, तैवान, मांचुरिया या साऱ्यांवर पाणी सोडावे, असे त्यांनी अग्रलेखांतून मांडले. कोरिया, तैवान आणि क्वांतुंग यांच्याशी मिळून जपानचा वार्षिक व्यापार सुमारे ९० कोटी येन. एकट्या अमेरिकेशी १४० कोटींहून अधिक. ज्या हिंदुस्थानावर जपानची सत्ता नव्हती, त्याच्याशी होणारा व्यापारही या तिहींपैकी कोणत्याही एका प्रदेशाहून मोठा. मग या मुलखांसाठी सैन्य पोसायचे कशाला, हा त्यांचा सवाल होता.

१९३० मध्ये जपान जुन्याच दराने सुवर्णमानाकडे परतला. त्या दराला विरोध करणाऱ्या मोजक्यांत इशिबाशी होते. १९३१ च्या अखेरीस सरकारला माघार घ्यावी लागली. साम्राज्य मात्र १९४५ च्या पराभवानंतरच सुटले.

इशिबाशी १९४६ मध्ये अर्थमंत्री आणि डिसेंबर १९५६ मध्ये पंतप्रधान झाले. दोनच महिन्यांत आजारपणामुळे संसदेत उपस्थित राहणे अशक्य झाले, आणि त्यांनी पद सोडले. १९३० मध्ये गोळीबारात जखमी झालेले पंतप्रधान हामागुची यांनी पायउतार व्हावे, असे त्यांनी पत्रकार या नात्याने लिहिले होते. सत्तेला लावलेला मापदंड सत्तेवर असताना त्यांनी स्वतःलाही लावला. त्याचे मोल आम्हांला त्यांच्या पंतप्रधानपदाहून अधिक वाटते.