भयकथा आणि हलतें चित्र

भयकथा ही मुळांत कानांची वस्तु आहे. दिवा मालवल्यावर आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींतील भूत कोणीं पाहिलेलें नसतें. तें ऐकणाराच्या मनांत आकार घेतें, आणि ज्याचें मन जसें, तसा तो आकार. तेंच भूत चित्रकारानें कागदावर उतरविलें म्हणजे त्याला एक नाक, दोन डोळे आणि ठराविक उंची चिकटते, व भीति तेथेंच अर्धी ओसरते. असें असूनहि मनुष्यानें चित्र हालविण्याची युक्ति शोधली, तेव्हां अगदीं आरंभापासूनच त्यानें भूताखेतांना पाचारण केलेलें दिसतें. हा विरोध कसा मिटला, आणि त्यांतून मराठी वाङ्मयानें काय घ्यावें, याचा विचार मनोरंजक होण्यासारखा आहे.

इ. स. १६५९ मध्यें हॉलंडांतील शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यानें जादूच्या कंदिलासाठीं कांहीं रेखाटनें केलीं. त्यांत हाडांचा एक सापळा आपलें मुंडकें धडावरून उचलतो व पुन्हा जागेवर ठेवतो, अशीं चित्रें क्रमानें काढलेलीं आहेत. सापळ्यास पडद्यावर हालचाल द्यावी, हा हेतु त्या क्रमावरून स्पष्ट दिसतो. हालत्या चित्राच्या इतिहासांतील हा अगदीं आरंभींचा नट. आणि तो मेलेला आहे!

पुढें १७९८ सालीं लिएझ येथील एत्येन्-गास्पार रॉबेर यानें रॉबर्टसन हें नांव धारण करून पॅरिसमध्यें ‘फँटास्मागोरिया’ नांवाचे खेळ सुरू केले. लौकरच ते कॅपुचिन जोग्यांच्या एका ओसाड मठांत होऊं लागले. त्याची युक्ति साधी होती. कांचेवर भूताचें चित्र काढून भोंवतालची सारी कांच काळ्या रंगानें माखावयाची. कंदील चाकांवर बसवून पडद्यामागें ठेवावयाचा, आणि काळोखांत तो हळूहळू मागें न्यावयाचा. कंदील मागें जाई तों तों चित्र मोठें होई, आणि प्रेक्षकांस वाटे कीं भूत आपल्या अंगावर धांवून येत आहे. मॅथ्यू लुईस याची ‘द मंक’ ही भयानक कादंबरी १७९६ सालीं प्रसिद्ध झाली होती. तिच्यांतील रक्तानें माखलेली जोगीण रॉबर्टसननें आपल्या पडद्यावर आणली. छापील भयकथेचें हालत्या चित्रांत झालेलें हें फार जुनें रूपांतर होय.

याच सुमारास वऱ्हाडांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, शहानूर नदीच्या कांठीं वसलेलें अंजनगांव सुर्जी निराळेंच भय अनुभवीत होतें. १८०३ च्या डिसेंबरांत गाविलगड इंग्रजांच्या हातीं पडला, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस दौलतराव शिंदे व आर्थर वेलस्ली यांच्यामध्यें झालेला तह या गांवाच्या नांवानें इतिहासांत नोंदला गेला. परंतु त्या काळच्या सुर्जीची दुसरीहि एक ओळख आहे, ती देवनाथ महाराजांच्या मठाची. नाथपरंपरेंतील देवनाथ हे कवि व कीर्तनकार होते. कीर्तनकाराजवळ कंदील नसतो, रंगविलेली कांच नसते, पडदाहि नसतो. तरी आख्यान रंगांत आलें म्हणजे खांब दुभंगतो, नरसिंह बाहेर पडतो, आणि ऐकणाराच्या अंगावर कांटा उभा राहतो. पॅरिसकरांनीं जें कांचेंत शोधलें, तें आपल्याकडे वाणीनें साधत असे. एक मार्ग डोळ्यांचा, दुसरा कानांचा. हे दोन्ही एकत्र आले म्हणजे काय घडतें, हाच या इतिहासांतील महत्त्वाचा प्रश्न आहे.

भयकथेसाठीं मराठी मुलखास परक्याच्या दारीं जाण्याचें कारण नाहीं. काश्मीरच्या सोमदेवानें अकराव्या शतकांत ‘कथासरित्सागर’ रचला. त्याचें मूळ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त असून ती पैशाची भाषेंत, म्हणजे पिशाचांच्या म्हणून समजल्या गेलेल्या भाषेंत, लिहिली होती अशी परंपरा आहे. सोमदेवाच्या ग्रंथांत वेताळाच्या कथा येतात, आणि त्यांतील राजा त्रिविक्रमसेन हा गोदातीरींच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. एक भिक्षु त्याला रोज एक फळ आणून देतो. एके दिवशीं तें फळ माकडाच्या हातीं जाऊन फुटतें व आंतून रत्न निघतें. त्या उपकाराच्या भारानें राजा वद्य चतुर्दशीच्या रात्रीं स्मशानांत जातो आणि शिंशपेच्या झाडास लोंबणारें प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतांतील वेताळ वाटेनें गोष्ट सांगतो व शेवटीं प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याच्या ठिकऱ्या होणार. आणि तो बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाणार. असें कितीतरी वेळां घडतें. अखेरच्या प्रश्नाचें उत्तर मात्र राजास खरोखरच सुचत नाहीं, आणि त्याच्या त्या मौनावर प्रसन्न होऊन वेताळ त्याला भिक्षूचा कपटी बेत सांगतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८३० च्या सुमारास ‘वेताळपंचविशी’ मराठींत आणली. मराठी मुद्रणाच्या अगदीं बाल्यावस्थेंत छापलेल्या गद्य पुस्तकांत वेताळाला असें मानाचें स्थान मिळालें.

आतां कंदिलाची हकीकत पुन्हा हातीं घेऊं. १८९२ हें वर्ष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या सालच्या ऑक्टोबरांत एमील रेनो यानें पॅरिसमध्यें हातानें रंगविलेल्या चित्रपट्ट्या पडद्यावर नाचविल्या. त्याच सालीं कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं ‘शांभरिक खरोलिका’ उभी केली. खरोलिका म्हणजे कंदील. आणि शांभरिक हा शब्द मायावी शंबरासुराच्या नांवावरून घेतलेला. यंत्राचें नांवच असुराच्या मायेवरून पडलें! पटवर्धन व त्यांचे पुत्र कांचांवर सूक्ष्म चित्रें रंगवीत, एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था निरनिराळ्या कांचांवर काढीत, आणि त्या झपाट्यानें बदलून रामायण-महाभारतांतील प्रसंग हालते करीत. चित्रांच्या जोडीला निवेदन व गाणीं असत. म्हणजे कीर्तनकाराची वाणी आणि रॉबर्टसनची कांच, हीं दोन्ही कल्याणच्या एका घरांत प्रथम हातांत हात घालून उभीं राहिलीं.

पुढचा पल्ला झपाट्यानें गांठला गेला. दादासाहेब फाळके यांनीं आगकाड्या एकेक चित्रागणिक हालवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. १९३० नंतरच्या दशकांत प्रभात फिल्म कंपनीनें ‘जंबूकाका’ हें व्यंगपट-चित्र काढलें. १९५६ सालीं मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्यें व्यंगपटांचें स्वतंत्र खातें सुरू झालें, व १९५७ मध्यें तेथून जातककथेवरील ‘द बॅनियन डियर’ हा लघुपट बाहेर पडला. या प्रवासांत पुराणें आलीं, जातकें आलीं, कोल्हेकुईहि झाली. वेताळ मात्र मागें राहिला.

युरोप-अमेरिकेंत याच काळांत भयकथेचा हा पेंच हळूहळू सुटत होता. १९२९ मध्यें डिस्नेच्या कारखान्यांतून ‘द स्केलेटन डान्स’ निघाला; त्यांतील सापळे नाचले, परंतु त्यांनीं भिवविण्याऐवजीं हंसविलें. १९३३ मध्यें अलेक्सेयेफ व क्लेअर पार्कर यांनीं पटावर असंख्य टांचण्या खोंचून, त्या पुढेंमागें सरकवून, त्यांच्या सावल्यांतून भूतांची रात्र निर्माण केली. त्या चित्रांत रेषाच नाहीं, केवळ काळोख कमीजास्त होतो. आणि म्हणून त्यांतील भूत कधीं पुरतें दिसत नाहीं.

१९५३ मध्यें यूपीए या अमेरिकन संस्थेनें एडगर अॅलन पो याच्या १८४३ सालच्या ‘द टेल-टेल हार्ट’ या कथेवर आठ मिनिटांच्या आंतला लघुपट काढला. कथेंतील खुनी मनुष्य स्वतःच आपली हकीकत सांगतो. चित्रकारांनीं त्याला समोर उभा न करितां त्याच्याच डोळ्यांनीं घर, जिना, दरवाजा आणि म्हाताऱ्याचा तो पांढुरका डोळा दाखविला. जेम्स मेसन या नटाचा आवाज कथा सांगत राहतो, आणि प्रेक्षक स्वतःच खुनी होऊन बसतो. ब्रिटिश परीक्षण मंडळानें या लघुपटास केवळ प्रौढांसाठीं असलेलें प्रमाणपत्र दिलें. व्यंगपटास तसें प्रमाणपत्र मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. १९८० मध्यें झेक कलावंत यान श्वांकमायेर यानें पोच्याच अशर घराण्याच्या कथेंतून माणसेंच वगळलीं. खुर्च्या, भिंती, माती यांना हालवून त्यानें घर कोसळविलें, आणि माणूस उरला तो निवेदकाच्या आवाजापुरता. दोन्ही लघुपटांचें मर्म एकच आहे: भय कानांनीं सांगावें, आणि डोळ्यांस त्याचा केवळ सुगावा द्यावा.

या कसोटीवर वेताळाचें काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. १९८५ मध्यें दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ ही मालिका आली. तींत चित्रें नसून नट होते. तिनें या कथा घरोघर नेल्या, हें तिचें मोठें श्रेय. परंतु तिच्यामुळें पांढऱ्या केसांचा, राजाच्या खांद्यावर बसून हंसणारा म्हातारा हेंच वेताळाचें रूप लोकांच्या मनांत कायम झालें. स्मशानाचा गंध गेला आणि मुलांसाठीं एक सुरस कोडें मागें राहिलें. भय हें या कथेचें वरचें कवच असतें, तर तें गळून पडल्याबद्दल हळहळण्याचें कारण नव्हतें. पण राजा न्याय सांगतो तो डोक्याच्या ठिकऱ्या होण्याच्या धाकाखालीं, आणि सत्य बोलल्याची शिक्षा म्हणून त्यास पुन्हा काळोखांतून मागें फिरावें लागतें. धाक काढून घेतला म्हणजे त्याच्या बोलण्याचें मोल उरत नाहीं, व फेऱ्यांना अर्थहि राहत नाहीं.

लघुपटासाठीं याहून सोयीची कथा मिळणें कठीण. प्रत्येक गोष्ट आटोपशीर आहे, प्रत्येकीच्या शेवटीं प्रश्न आहे, आणि वेताळाचें काम मुख्यतः आवाजाचें आहे. चित्रकारानें त्याचा चेहरा काढूंच नये. राजाच्या खांद्यावरील भार, वांकलेली पाठ, पायांखालीं मोडणारी काटकी, आणि कानाशीं येणारा आवाज एवढें पुरे. महाराष्ट्रांतील कितीतरी गांवांच्या शिवेवर शेंदूर फासलेला एखादा ओबडधोबड दगड वेताळ म्हणून पुजला जातो. त्या दगडास नाक-डोळे नसतात, तरी तिन्हीसांजेला त्याच्यावरून जातांना पावलें आपोआप भरभर पडतात. अंजनगांवच्या पानमळ्यांत वेलांच्या दाट रांगांमुळें भर दुपारींहि अंधुक असतें. तसल्या उजेडांत राजाची वाट काढली, तर पैठणचा राजा वऱ्हाडांतहि परका वाटणार नाहीं. पटवर्धनांनीं कांच आणि वाणी यांची जोड घालून दिली, तिला आतां सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं. छत्र्यांचें मराठी पुस्तक तर त्याहूनहि जुनें आहे. सामग्री सिद्ध आहे. राजानें पुन्हा एकदां झाडाकडे वळावें, एवढेंच बाकी आहे.