वसियत, वली आणि आपली मुले



इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत किल्ल्यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते, आणि टाकवे बुद्रुकमध्ये बसून लोहगड-विसापूरवर लिहिणे तसे अवघडही नाही. परंतु यंदा आपणांस एका कमी रम्य इतिहासाकडे न्यावे असे वाटते. आंदर मावळात कारखाने आले, जमिनीला भाव आला आणि ज्या सातबाऱ्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नव्हते तो घराघरांत उघडला जाऊ लागला. त्यावर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, या प्रश्नाला फार जुना इतिहास आहे.

सन १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे दोन दावे आले. एक खोजा कुटुंबातील मुलींचा, दुसरा कच्छी मेमन कुटुंबातील. वडिलांच्या मागे राहिलेल्या मिळकतीत सूरह निसामध्ये सांगितलेला आपला वाटा मिळावा एवढीच त्यांची मागणी होती. उलट बाजूचे म्हणणे असे की, आमच्या जमातीत धर्मांतरापूर्वीपासून मुलींना वारसा मिळत नाही. त्यांना पालनपोषण आणि लग्नाचा खर्च मिळतो, तेवढेच. पेरीसाहेबांनी साक्षीपुरावा घेतला आणि ही प्रथा सिद्ध झाली असे ठरविले. प्रथा कुराणाच्या आज्ञेविरुद्ध असली तरी ती मानली पाहिजे, असा निर्णय देऊन त्यांनी मुलींना रिकाम्या हाती परत पाठविले.

या निकालाबद्दल इंग्रज न्यायाधीशाला दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. प्रथेची साक्ष द्यायला पिंजऱ्यात उभे राहिलेले लोक आपलेच होते.

ही चूक निस्तरायला नव्वद वर्षे लागली. १९२० च्या कायद्याने कच्छी मेमनांना मुस्लिम कायदा स्वीकारण्याची मुभा मिळाली, १९३७ मध्ये शरीअत अ‍ॅक्ट आला आणि १९३८ मध्ये मेमनांसाठी पुन्हा स्वतंत्र कायदा होऊन त्यांचा वारसा पूर्णपणे मुस्लिम कायद्याखाली आला. परंतु शरीअत अ‍ॅक्टचे दुसरे कलम आपण शेतकऱ्यांनी नीट वाचावे असे आहे. त्यात शेतजमीन वगळली आहे. १९३५ च्या कायद्यान्वये शेतजमिनीच्या वारशाचा विषय प्रांतांकडे होता, म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळाला तो घेता आला नाही. पुढे मद्रास व केरळ राज्यांनी दुरुस्ती करून हा अपवाद काढून टाकला. आपल्याकडे शेतीचा वारसाही सामान्यतः मुस्लिम कायद्यानेच ठरतो. तरी प्रथेचा हवाला देऊ पाहणाऱ्याला त्या अपवादाने थोडे दार उघडे ठेवले आहे. बहुतेक घरांत मात्र कोर्टापर्यंत जाण्याची वेळच येत नाही. बहिणीला साडी-चोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. १८४७ ची प्रथा ती हीच, फक्त कागद बदलला.

आता वसियतीकडे वळू. हजरत साद बिन अबी वक्कास मक्केत आजारी पडले तेव्हा त्यांना एकच मुलगी होती. दोनतृतीयांश संपत्ती दान करू का, असे त्यांनी विचारले. नको म्हटल्यावर निम्मी, आणि शेवटी एकतृतीयांशावर परवानगी मिळाली, तीही हे पुष्कळ आहे असे बजावून. वारसांना लोकांपुढे हात पसरण्याची पाळी येऊ नये हा त्यामागचा हेतू. म्हणून अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज भागवून उरलेल्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच वसियत चालते. सुन्नी कायद्यात ती वारसाच्या नावे केली तर इतर वारसांची संमती लागते, आणि तीही मृत्यूनंतरची.

मग हा तिसरा हिस्सा कोणासाठी? आपल्या घरात नजर टाका. मुलगा बापाआधी वारला आणि दुसरा मुलगा हयात असला, तर मृत मुलाच्या मुलांना आजोबांच्या मिळकतीत वाटा मिळत नाही. विधवा सूनही सासऱ्याची वारस नाही. ईजिप्तने १९४६ मध्ये आणि पाकिस्तानने १९६१ मध्ये अशा नातवंडांसाठी कायदे केले. आपल्याकडे तसा कायदा नाही. आजोबांची वसियत हाच त्या यतीम मुलांचा आधार. चुलते प्रेमळ असतात, देतील, असे म्हणून आजोबा निश्चिंत राहतात. चुलते प्रेमळ असतातही. पण चुलत्यांनाही मुले असतात.

याहून दुर्लक्षित गोष्ट पालकत्वाची. शाळेच्या प्रवेशअर्जावर ‘पालक’ या रकान्यात आईने सही केली की आम्हा शिक्षकांचे काम भागते. सातबाऱ्यावरही मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचे नाव लागते. त्यामुळे मुलाची जमीन विकण्याचा अधिकार तिला मिळाला असा समज होतो. तो खरा नाही. लहान मुलांचा ताबा आईकडे असला, तरी मिळकतीचा वली बाप; त्याच्यामागे त्याने वसियतीने नेमलेला माणूस, मग आजोबा आणि आजोबांनी नेमलेला, असा हनफी क्रम आहे. इमामबांदी विरुद्ध मुत्सद्दी या खटल्यात १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलने, सय्यद अमीर अली यांच्या लेखणीतून, आईने केलेली अज्ञान मुलांच्या स्थावर मिळकतीची विक्री रद्दबातल ठरविली. अशा आईला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. तारखा पडतात, आणि तोवर फी, औषधपाणी थांबत नाही.

हे टाळण्याचा उपाय त्याच क्रमात आहे. बाप आपल्या वसियतीत मुलांच्या आईलाच वली नेमू शकतो. मुसलमानाची वसियत तोंडीही चालते. स्टॅंप, रजिस्ट्री यांची सक्ती नाही. तरी ती कागदावर लिहा, तारीख घाला, आपल्यापेक्षा वयाने लहान असे दोन साक्षीदार घ्या. सही करण्यापूर्वी एकदा मौलवीसाहेबांना आणि एकदा वकिलांना दाखवा. आणि कागद कोणत्या पेटीत ठेवला आहे ते आपल्या बायकोला सांगून ठेवा.