वियोगचिंता, प्रौढांतील : बालसंगोपनाशी संबंध

जोडीदार, अपत्य, आई-वडील अशा निकटच्या व्यक्तीपासून ताटातूट होईल किंवा तिचे काही बरेवाईट होईल, या भीतीने प्रौढाला ग्रासणारा चिंताविकार. एकट्याने झोपणे वा प्रवास टाळणे, पुन्हापुन्हा खुशाली विचारणे, ताटातुटीची दुःस्वप्ने पडणे ही प्रमुख लक्षणे. अमेरिकेच्या ‘डीएसएम’ या निदानसंहितेत १९८० पासून त्याची गणना बालविकारांत होई. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत १८ वर्षांपूर्वी सुरुवात झालेली असण्याची अट वगळण्यात आली. प्रौढांत लक्षणे सर्वसाधारणपणे सहा महिने वा अधिक काळ टिकलेली असावी लागतात.

सैद्धांतिक पाया : ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–९०) यांचा अनुबंध सिद्धांत. आईवडिलांच्या उपलब्धतेची खात्री नसलेल्या मुलात वियोगाची भीती मूळ धरते, असे प्रतिपादन त्यांनी वियोगविषयक ग्रंथात (१९७३) केले. मेरी एन्सवर्थ यांनी युगांडा व बाल्टिमोर येथील निरीक्षणांतून त्याला आधार दिला.

मापन : गॉर्डन पार्कर, हिलरी टपलिंग व एल. बी. ब्राउन यांनी १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार केलेली पालक-अनुबंध प्रश्नावली अद्याप वापरात आहे. प्रौढ व्यक्ती वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंतच्या आठवणींवरून आई व वडील यांच्याविषयी स्वतंत्रपणे २५ विधानांना ० ते ३ गुण देते. पैकी १२ विधाने जिव्हाळ्याची, तर १३ अतिसंरक्षणाची आहेत. जिव्हाळा कमी व अतिसंरक्षण जास्त, या जोडीला ‘जिव्हाळाशून्य नियंत्रण’ म्हणतात. चिंता व नैराश्य यांच्याशी ही जोडी अनेक अभ्यासांत निगडित आढळली आहे. विजया मणिकवासगर, डेरिक सिलोव्ह व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रौढांच्या वियोगचिंतेसाठी २७ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली.

मर्यादा : उत्तरे आठवणींवर बेतलेली असल्याने सध्याच्या मनःस्थितीची छाया त्यांवर पडू शकते. मुळातच भित्र्या मुलाला पालक अधिक जपत असण्याचीही शक्यता असते. शिवाय आनुवंशिकतेचा वाटा वेगळा काढणे कठीण. त्यामुळे संगोपनाला एकमेव कारण मानले जात नाही. १८ देशांतील सर्वेक्षणात (२०१५) आयुष्यात कधीतरी हा विकार झालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के व्यक्तींत त्याची सुरुवात १८ वर्षांनंतर झालेली दिसली. बालपणीच्या प्रतिकूल घटनांशी त्याचा संबंध याच सर्वेक्षणात आढळला.

सांस्कृतिक संदर्भ : एकत्र राहण्याची रीत असलेल्या समाजांत निकटता हे विकाराचे लक्षण समजू नये, अशी दक्षता निदानात अपेक्षित आहे.

उपचार : मुख्यतः बोधात्मक वर्तनोपचार, गरजेनुसार औषधे.