बॅग कोणाच्या नियमाने मोजायची?

तिकिटावर एका कंपनीचं नाव आणि विमानावर दुसऱ्याच कंपनीचा रंग, ह्याला कोडशेअर म्हणतात. अशा वेळी बॅग काट्यावर चढली की नियम कोणाचा? तिकीट विकणाऱ्याचा की विमान उडवणाऱ्याचा? मुलं-नातवंडं परदेशात असलेल्या आपल्याकडच्या कित्येक घरांत हा प्रश्न पडतो, म्हणून त्यामागचा इतिहास सांगतो.

पूर्वी ही भानगडच नव्हती. आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना भाडं ठरवायची तसं सामानही ठरवायची. इकॉनॉमीला २० किलो, फर्स्ट क्लासला ३०, आणि जादा किलोमागे फर्स्ट क्लासच्या भाड्याचा एक टक्का. कंपनी कुठलीही असो, हिशेब तोच. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या मार्गांवर किलोऐवजी नग मोजायला लागले. म्हणून आपल्याकडे अमेरिकेला निघालेला माणूस 'दोन बॅगा' म्हणतो आणि आखातात निघालेला 'किलो किती?' विचारतो.

१९७८ मध्ये अमेरिकेने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण काढायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात कोडशेअर फोफावलं, १९९७ मध्ये स्टार अलायन्स आली. तरी सामानावरून फारसं बिनसलं नव्हतं. बिनसलं २००८ मध्ये. अमेरिकन एअरलाइन्सने देशांतर्गत प्रवासात पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले आणि मग बाकीच्यांनाही चटक लागली. बॅग ही सोय न राहता कमाई झाली. आता एकाच तिकिटावरच्या दोन कंपन्यांचे नियम वेगळे असले की झळ थेट प्रवाशाच्या खिशाला!

२०११ मध्ये आयाटाने तोडगा काढला. जगाचे तीन भाग मानायचे, आणि प्रवाशाला एका भागातून दुसऱ्यात नेणारी कंपनी साधारणपणे 'मुख्य' धरून तिचा नियम लावायचा. कोडशेअर असेल तर विमान उडवणारी कंपनी, पण तिने तसं जाहीर केलं असेल तर तिकीट विकणारी. (हे काउंटरवरच्या पोराने रात्री दोन वाजता सांगायचं आणि आजीबाईंनी समजून घ्यायचं!)

अमेरिकन सरकारला हे पुरेसं वाटलं नाही. तिथे सुरू होणाऱ्या किंवा संपणाऱ्या तिकिटावर सुरुवातीला लागू झालेला नियम शेवटपर्यंत बदलायचा नाही, असं त्यांनी कायद्यातच घातलं. तो नियम ठरवण्याचा पहिला हक्क पहिल्या टप्प्यावर जिचा कोड आहे त्या कंपनीचा. कॅनडानेही १ एप्रिल २०१५ पासूनच्या तिकिटांना असंच बंधन घातलं. म्हणजे मुंबई-लंडन-न्यूयॉर्क एकाच तिकिटावर असेल तर लंडनला कोणी नियम बदलू शकत नाही.

खरी मेख 'एकाच तिकिटावर' ह्या शब्दांत आहे. नागपूर-मुंबईचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून वेगळं काढलं, की त्या टप्प्याला देशांतर्गत नियम, बहुतेक ठिकाणी १५ किलो. दोन मोठ्या बॅगा घेऊन गेलेल्याचं वाचलेलं भाडं तिथेच जातं. माझ्या मते ट्रॅव्हल एजंटने हे तिकीट काढतानाच सांगायला हवं. क्वचितच कोणी सांगतं.

बॅग हरवली तर मात्र कायदा जुना आणि प्रवाशाच्या बाजूचा आहे. १९६१ च्या ग्वादालाहारा कराराने करार करणारी कंपनी आणि प्रत्यक्ष नेणारी कंपनी असा भेद केला. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात तो आला, आणि भारत त्यात २००९ पासून आहे. त्यामुळे 'आमचं विमान नव्हतं' हे उत्तर चालत नाही, भरपाई दोघांपैकी कोणाकडेही मागता येते. फक्त तक्रार लेखी हवी: बॅग फुटली तर मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा आली तर २१ दिवसांत.