चोवीस खेपा, चार खेपा

आत्या गेल्यावर तिच्या पत्र्याच्या पेटीत एसटीच्या तिकिटांची गड्डी सापडली. दिग्रस ते यवतमाळ, यवतमाळ ते नागपूर, आणि परत. १९९७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झाल्यावर तिला केमोच्या ६ सायकल सांगितल्या होत्या. एका सायकलला दोनदा इंजेक्शन, म्हणजे १२ खेपा. तिकिटं निघाली ६ खेपांची. सीतादही झाली, कापसाची वेचणी लागली आणि आत्या पुन्हा गेली नाही.

हा १२ चा आकडा आला कुठून, याचा शोध घेताना मी मिलानला पोहोचलो, अर्थात कागदोपत्री. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ज्यानी बोनादोना यांनी १९७३ मध्ये 'सीएमएफ' या तीन औषधांची चाचणी सुरू केली. काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेलेल्या स्त्रिया त्यात होत्या. सायकल २८ दिवसांची, १४ दिवस गोळ्या, पहिल्या आणि आठव्या दिवशी इंजेक्शन. अशा १२ सायकल, म्हणजे २४ खेपा. १९७६ मध्ये ३८६ स्त्रियांचा निकाल छापून आला. नुसतं ऑपरेशन झालेल्यांपैकी २४ टक्के स्त्रियांमध्ये रोग उलटला होता, औषध घेतलेल्यांमध्ये ५.३ टक्के.

मग त्याच संस्थेनं १२ आणि ६ सायकलींची तुलना केली. फायदा सारखाच निघाला. २४ खेपांच्या १२ झाल्या त्या अशा.

पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या गटानं दोन हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये ६ सायकल सीएमएफची गाठ 'एसी'च्या ४ सायकलींशी घातली. १९९० च्या अहवालात दोन्ही बरोबरीत होते. पण सीएमएफला १५४ दिवस लागत, एसी ६३ दिवसांत संपे. एकात औषध ८४ दिवस पोटात किंवा शिरेत जाई, दुसऱ्यात फक्त ४ दिवस. केस मात्र एसीनं हमखास जात.

इथून पुढे गणित उलटं फिरलं. २००३ मध्ये एसी आणि पॅक्लिटॅक्सेल २१ ऐवजी १४ दिवसांनी देणं सरस ठरलं. खेपा आठच, पण मधल्या काळात पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं आणि ती ठेवायला फ्रीज हवा. २००८ मध्ये एसीनंतर पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, असं १२ आठवडे देणं तीन आठवड्यांनी देण्यापेक्षा चांगलं दिसलं. म्हणजे खेपा १६. २०१९ मध्ये ३७,२९८ स्त्रियांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. औषधांची मात्रा अशी दाटीनं दिली तेव्हा दहा वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण ३१.४ वरून २८ टक्क्यांवर आलं.

हा फायदा खरा आहे. पण तो पूर्ण वेळापत्रक पाळणाऱ्यांचा. बोनादोना यांनीच १९८१ मध्ये दाखवलं होतं, की ठरलेल्या मात्रेच्या ६५ टक्क्यांहून कमी औषध मिळालेल्या स्त्रियांना औषध न घेतलेल्यांपेक्षा फारसा फायदा झाला नाही. त्या हिशेबावर तज्ज्ञांत वाद झाले, तरी आत्याची तिकिटं मोजताना मला तोच आठवतो. तिला निम्मं औषध मिळालं. तिचा रोग तीन वर्षांनी उलटला. वेचणीमुळेच उलटला असं मी म्हणणार नाही. एका बाईवरून तसं म्हणता येत नाही.

मिलानच्या बाईला दवाखाना ट्रामच्या अंतरावर असेल. दिग्रसच्या बाईची एक खेप म्हणजे दोन दिवसांची मजुरी, सोबतीला एक माणूस आणि घरी म्हशीचं दूध काढायला शेजारीण. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचं डे-केअर केंद्र उभारण्याची घोषणा झाली. यवतमाळात ते नीट चाललं, तर १६ खेपांचं वेळापत्रकही आमच्या बायकांना झेपेल. तोवर डॉक्टरांनी औषधाच्या मात्रेशेजारी आणखी एक आकडा लिहावा आणि तो बाईला विचारूनच लिहावा: तुम्हाला किती खेपा जमतील?