बंदूक, कॅमेरा आणि परसातील बुलबुल

निवृत्तीनंतर मुलाने आम्हांस एक डिजिटल कॅमेरा आणून दिला. तोवर बडोद्यातील आमच्या जुन्या घराचे परस म्हणजे विहीर, तगर, कडुनिंब आणि धुण्याचा दगड, एवढीच आमची समजूत होती. कॅमेरा डोळ्यास लावताच तेथील वस्ती दिसू लागली. सकाळी दयाळ, उन्हे चढताना जास्वंदीवर शिंजीर, दुपारी सातभाईंचा कलकलाट, भिंतीवर खारी आणि निंबोळ्या पिकल्या की क्वचित येणारा राखी धनेश. आजोबांच्या काळापासून ही मंडळी येथे नांदत असावीत. नोंद मात्र एकाचीही नव्हती.

सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या तोंडी ‘नोंद’ हा शब्द सहज येतो. पक्ष्यांची नोंद पूर्वी कशी होत असे, हे पाहू गेलो तेव्हा ध्यानात आले की ती मुख्यत्वे बंदुकीने होई. एकसारख्या दिसणाऱ्या जाती ओळखण्यासाठी पक्षी हातात घेऊन पंख व चोच मोजणे, हाच खात्रीचा मार्ग मानला जाई. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे आपणांस परिचित असलेले ॲलन ह्यूम यांनी त्याच 1885 साली आपला पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात कातडी व अंडी मिळून सुमारे 82 हजार नमुने होते. डॉ. सालिम अली यांचा पक्षिशास्त्रातील प्रवेशही एअरगनने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा डाग असलेल्या चिमणीपासून झाला. 1931 साली त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सुरू केली, पुढे मध्य भारत व गुजरातची केली. तेथेही नमुने गोळा करावेच लागले. त्यांना आज दोष देणे अन्यायाचे होईल. 1941 साली निघालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकामुळेच सामान्य माणसाला पक्षी न मारता ओळखता येऊ लागला.

बंदुकीच्या जागी कॅमेरा आणण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कर्टन या बंधूंचे घरट्यांवरील पुस्तक 1895 साली निघाले. त्यातील छायाचित्रे प्रत्यक्ष रानात घेतलेली होती. पक्ष्यांनी बुजू नये म्हणून या बंधूंनी पेंढा भरलेल्या बैलाच्या पोटात बसूनही छायाचित्रे घेतली! भारतातील पक्ष्यांच्या छायाचित्रांचे लोथर यांचे पुस्तक 1949 साली आले, तर सालिम अलींचे स्नेही लोक वान थो यांचे 1957 साली.

या सर्वांची अडचण एकच होती. कॅमेरा जड, काचा मंद आणि पक्षी चंचल. तो हमखास परत येईल असे ठिकाण एकच, त्याचे घरटे. म्हणून जुन्या छायाचित्रांत घरट्यांचा भरणा फार आढळतो. उजेड पडावा म्हणून भोवतीच्या डहाळ्या बाजूस बांधण्याचीही रीत होती.

1975 साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक चित्र कॅसेटवर उतरण्यास त्यास 23 सेकंद लागत. आज उडता पक्षीही टिपता येतो. आमच्या तरुणपणी 36 चित्रांचा रोल महिनोन्‌महिने पुरवावा लागे. आता शंभर चित्रे घेतली तरी खर्च नाही, आणि प्रत्येकावर तारीख व वेळ आपोआप पडते. पंचनाम्यास याहून अधिक काय हवे?

एवढे असूनही आमचा हात आवरला नाही. गेल्या वैशाखात तगरीच्या झुडपात बुलबुलाने घरटे केले. आत दोन पिले होती. पाने आड येत होती, म्हणून आम्ही दोन डहाळ्या सुतळीने बाजूस बांधल्या. चित्र उत्तम आले. सुतळी सोडण्याचे विसरलो. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते. कावळ्याने डाव साधला की भारद्वाजाने, हे सांगता येत नाही. वाट मात्र आम्ही मोकळी करून दिली होती. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी सुतळी सोडून आणून टेबलावर ठेवली.

कर्टन बंधूंना घरट्यापाशी जावे लागले, कारण त्यांच्या यंत्राला दुसरा उपाय नव्हता. आम्हांस तशी गरज नव्हती. तरीही समोर दिसलेले हस्तगत करावे ही शिकाऱ्याची ओढ बंदूक गेल्यावरही आमच्यात उरली होती.

आता आम्ही माजघराच्या खिडकीतूनच चित्रे घेतो आणि घरटे दिसले की कॅमेरा बंद ठेवतो. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपल्या मंडळींच्या जुन्या घरांची परसे इमारतींखाली जात आहेत. ज्यांची उरली आहेत त्यांनी तेथे काय येते, ते तारखेसह टिपून ठेवावे, ही विनंती.

बुलबुलाचे ते चित्र आम्ही पुसलेले नाही. नोंदवहीत त्यापुढे तारीख आहे, वेळ आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात आमची चूकही लिहिलेली आहे.