एका शहराचा राग

एखाद्या शहरानें एखादा चित्रपट रागावून नाकारावा, आणि पुढच्याच वर्षीं तोच चित्रपट पाहावयास गर्दी करावी, असें क्वचित घडतें. मेक्सिको शहरांत तें घडलें. चित्रपटाचें नांव 'लोस ओल्विदादोस', म्हणजे 'विसरलेले'. त्याचे दिग्दर्शक लुइस बुन्युएल मूळचे स्पेनचे. यादवी युद्धामुळें त्यांना मायदेश अंतरला. १९४६ सालीं ते मेक्सिकोंत आले व १९४९ सालीं तेथील नागरिक झाले.

त्या वेळीं अध्यक्ष आलेमान यांच्या राजवटींत कारखाने व उंच इमारती झपाट्यानें उभ्या राहात होत्या. खेड्यांतून येणाऱ्यांचे लोंढे शहराच्या कडेला वस्त्या करून राहात. लोकप्रिय चित्रपटांतला गरीब मात्र गाणीं म्हणत दुःख सोशी. बुन्युएल जुने कपडे घालून त्या वस्त्यांतून हिंडले, बालगुन्हेगारांचीं प्रकरणें त्यांनीं वाचलीं, आणि पुढें अवघ्या तीन आठवड्यांत चित्रण उरकलें.

कथा पेद्रो नांवाच्या मुलाची. आई त्याला दूर लोटते. सुधारशाळेचे प्रमुख विश्वासानें पन्नास पेसो देऊन त्याला एकट्यालाच सिगारेटी आणावयास धाडतात. परत येण्याचें त्याच्या मनांत असतें. पण बाहेर टपून बसलेला हाइबो ते पैसे हिसकावून घेतो. पुढें हाइबोच्याच हातून पेद्रो मरतो. आपल्यावर बालंट येईल या भीतीनें घरमालक व त्यांची नात त्याचें प्रेत गाढवावर घालून उकिरड्यावर लोटून देतात. वाटेंत त्याला शोधणारी आई भेटते. पाठीवर काय आहे हें न कळतां ती पुढें जाते.

चित्रण चालू असतांनाच, मेक्सिकन आई अशी वागणारच नाहीं, असें म्हणून केशभूषा करणारी बाई काम सोडून गेली. १९५० च्या अखेरीस चित्रपट लागला व थोड्याच दिवसांत उतरविण्यांत आला. बुन्युएलना देशाबाहेर घालवा, अशीही मागणी झाली. १९५१ सालीं कान येथील महोत्सवांत मेक्सिकन कवि ओक्ताव्हिओ पास यांनीं चित्रपटावरील आपला लेख स्वतः वांटला. हेच पास १९६२ ते १९६८ भारतांत मेक्सिकोचे राजदूत होते. तेथें दिग्दर्शनाचें पारितोषिक मिळाल्यावर चित्रपट मेक्सिकोंत पुन्हां लागला व अनेक आठवडे चालला. २००३ सालीं युनेस्कोनें त्याची नोंद जगाच्या स्मृतिसंग्रहांत केली.

याच चित्रपटाचा एक दुसरा शेवटही चित्रित केलेला होता. १९९६ सालीं तो मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या चित्रपट-संग्रहांत सांपडला. त्यांत हाइबो पडून मरतो, आणि पेद्रो पैसे परत मिळवून सुधारशाळेच्या वाटेला लागतो.

हा शेवट दाखविला असता तर कदाचित् कोणी रागावलें नसतें. प्रेक्षक समाधानानें घरीं गेले असते, आणि वस्तींतलीं मुलें होतीं तेथेंच राहिलीं असतीं. शहराला राग आला तो खोटेपणाचा नव्हे. ज्यांच्या शेजारून आपण रोज जातों त्यांच्याकडे पाहावें लागलें, याचा. असा राग येणें ही जागें होण्याची पहिली खूण असूं शकते. मात्र तेथील रसिकांना आपलीं मुलें ओळखावयास परदेशांतील पारितोषिकाची वाट पाहावी लागली, ही खंत इतिहासांत राहिलीच.